मुकी नाणी

३ फेब्रुवारी

ती. आत्या,

नाण्याचा आवाज थांबतो तेव्हा तो जातो कुठे? मागच्या पत्रात तू विचारलंस आणि आठ दिवस हा प्रश्न मी डब्याबरोबर पिशवीत घालून ऑफिसात नेते-आणते आहे. उत्तर मला येत नाही. तीन वर्षं पदार्थविज्ञान शिकले, कंपनांवरचा पंधरा गुणांचा प्रश्न अख्खा सोडवला, बाबा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी डिग्री भिंतीवरून काढून हातात देतात, आणि तुझ्या एका ओळीपुढे मी गप्प. पुस्तक म्हणतं, तो हवेत विरतो. पण विरणं म्हणजे काही पोचण्याचं ठिकाण नव्हे.

रविवारी नाणेसंग्राहक मंडळात गेले होते. चष्म्याच्या दुकानावरची ती लांबट खोली, खिडकीतून तिरपं ऊन आणि टेबलाभोवती अकरा म्हातारे. चष्मेवाले काकाच आमचे चिटणीस. त्यांनी तुझ्या भाचीची ओळख करून दिली तेव्हा एकजण म्हणाले, "म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजवाल्या बाईंची? अहो, त्या बाई पत्राने सभासद झाल्या, पण त्यांच्या कानाला इथे तराजूचा मान आहे." मला इतका अभिमान वाटला की हातातला चहा बशीत सांडला.

मग त्यांनी मला परीक्षक म्हणून पहिलं नाणं तपासायला दिलं. तू शिकवलंस तसंच केलं. आधी कड बघितली. चरे सगळीकडे सारखे नव्हते, एका जागी ओतकामाची बारीक शीव होती. अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत. मग ते बोटाच्या टोकावर तोललं, पेन्सिलीने टिचकी मारली. टक्. बस्स, एवढंच. लाकूड बोलावं तसं. मंडळाचा नियम तुला माहीतच आहे: खोटं ठरलं की सालाच्या आकड्याखाली कानशीने खाच पाडायची, म्हणजे ते पुन्हा कुणाला फसवायला बाजारात जात नाही. खाच मी पाडली. आतून तांबूस धातू दिसला. आत्या, जगातलं एक खोटं कमी झालं, असं वाटत मी घरी चालत आले.

लहानपणी तुझ्या घरी दुपारी पडदे ओढून तू माझ्या कानाशी नाणं वाजवायचीस, आठवतं? "ऐक, संपलं असं वाटेल, पण संपलेलं नसतं," म्हणायचीस. त्या बारीक आवाजाच्या मागे मागे जाता जाता मी झोपून जायचे. ऑफिसातला काचेच्या पेटीतला काटा श्वासानेही हलतो. त्याच्यासमोर बसले की मला ती दुपार आठवते.

तुझं,
मापटं


११ फेब्रुवारी

प्रिय मापट्या,

तू वजनमापं खात्यात लागलीस म्हणून हे नाव तुला पडलं असं ऑफिसात कुणाला सांगू नकोस. पाळण्यात होतीस तेव्हाच तू मापट्याएवढी आणि मापट्याच्याच आकाराची होतीस.

उत्तर येत नाही असं पदवीधर बाईंनी लिहून दिलं, ते पत्र जपून ठेवलं आहे.

मी बरी आहे. घर फार शांत झालंय. मागच्या हिवाळ्यापासून असं वाटतं, सगळ्या घरावर कुणी जाड दुलई पांघरली आहे. खिडकीसमोरच्या झाडावर पक्षी येईनासे झाले. पानं हलताना दिसतात, पण तीही चोरपावलांनी. चाळीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज इकडून तिकडे जोडून दिले, "हॅलो" एवढ्यावरून माणसाला ताप आहे की तो खोटं बोलतोय ते ओळखलं. आता ही शांतता मला बक्षिसासारखी वाटते. तासन् तास बसते मी तिच्यात.

पण एक वाईट घडलंय. मंगळवारी नाण्यांचा खण काढला. एकतीस वर्षांची एकतीस नाणी, एकेक करून वाजवत गेले. चौदावं वाजवलं तर मुकं. पुन्हा वाजवलं. टक्. पुढे एकोणिसावं तसंच, विसावंही. मापट्या, ही नाणी मी पोरांपेक्षा जास्त ओळखते. चौदाव्याचा आवाज सगळ्यांत उंच होता, पाण्यावर सुई ओढावी तसा. ते माझं नाणं नव्हे. कुणीतरी माझी खरी काढून नेली आणि त्यांच्या जागी खोटी ठेवली.

घरात आम्ही दोघीच. तुझा दादा बोटीवर, जूनशिवाय यायचा नाही. राहिली सून. तिच्याबद्दल मला कधी वाकडं बोलायचं नव्हतं. शाळेत चित्रकला शिकवते, नाकासमोर चालते. पण हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते, शब्दांच्या कडा खाऊन टाकते. कुणी लपवाछपवी करत असलं की असंच बोलतं, हे मी एक्स्चेंजमध्ये शिकले. आणि काल तिच्या पिशवीतून कागद पडले. त्यांवर माझ्या नाण्यांचे ठसे होते! नाणं कागदाखाली ठेवून वर पेन्सिल घासलेली. दोन्ही बाजू, झाडून सगळ्या.

तू शिकलेली आहेस. असे ठसे कशाला लागतात, सांग.

आत्या


१६ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग गच्चीवर जाऊन तिसऱ्यांदा.

तू विचारलंस म्हणून सरळ लिहिते. ठसा कशाला लागतो? साचा करायला. खोटी नाणी करणाऱ्याला खऱ्या नाण्याची नक्कल हवी असते, दोन्ही बाजूंची आणि नेमक्या मापाची. ज्याने ठसे घेतले त्यानेच नाणी बदलली, किंवा बदलणाऱ्याला मदत केली, हे उघड आहे.

वहिनीबद्दल असं लिहिताना मला बरं वाटत नाही. माझ्या निकालाच्या दिवशी तिनेच माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर पंख काढून दिले होते. पण आपलं माणूस आहे म्हणून गप्प बसलो तर मग मंडळाच्या नियमाला अर्थ काय राहिला? आपल्या घरात मी पहिली शिकले ती एवढ्यासाठीच ना, की खरं काय ते कुणीतरी न घाबरता सांगावं? तू तिला स्पष्ट विचार. तुझा कान कधी चुकलेला नाही.

मापटं


१ मार्च

प्रिय मापट्या,

विचारलं.

दुपारी ती शाळेतून आली, चप्पल काढायच्या आधीच समोर उभी राहिले. कागद पुढे केले. ती काहीतरी पुटपुटली, "मुलांना" एवढंच कळलं. म्हटलं, "नीट बोल." तर एकदम मोठ्याने म्हणाली, "वर्गातल्या मुलांना छटा शिकवायला घेतले, आई! कागदाखाली नाणं ठेवून सगळ्या जगातली मुलं हेच करतात!" मी म्हटलं, "अंगावर ओरडू नकोस." आणि तुझं पत्र काढून ती ओळ तिला वाचून दाखवली. ज्याने ठसे घेतले त्यानेच, ती. खणखणीत वाचली.

तिने माझ्याकडे फार वेळ बघितलं. बघणं रागाचं नव्हतं, त्याचंच मला जास्त लागलं. मग म्हणाली, "तुम्हाला हवं ते समजा," आणि आत गेली. दारसुद्धा असं लावलं की आवाज नाही.

तिन्ही नाण्यांना मी खाच पाडली आहे. नियम तो नियम. त्यांतलं चौदावं तुला पाठवते, नमुन्यादाखल. त्याचा कानशीचा कीसही पुडीत बांधून सोबत ठेवलाय, आपली पद्धत मोडायची नाही. तिघांचीही मंडळाच्या वहीत नोंद कर. "घरातून बदलली गेली" असं लिही. लाजायचं काय त्यात? लाज चोराला.

संध्याकाळी खिडकीत बसले होते. खालच्या अंगणात दोन मुली हसत होत्या, तोंडं उघडी, खांदे हलताहेत, आणि आवाज काही नाही. काचेच्या हंडीतले मासे बघावेत तसं वाटलं. किती वेळ बघत राहिले.

आत्या


८ मार्च

ती. आत्या,

रविवारी वहीत नोंद केली. चष्मेवाले काका म्हणाले, "तोलल्याशिवाय नोंद करायची नाही असा नियम आहे, पण बाईंनी ऐकून सांगितलंय म्हणजे तोलल्यासारखंच." तू सांगितलेले शब्द मी लिहिले, खाली परीक्षक म्हणून सही केली.

पार्सल सोमवारी मिळालं. नाण्याबद्दल सविस्तर मागाहून लिहीन. तोवर एक ऐक, बाकीच्या नाण्यांना खाच पाडू नकोस. कारण आत्ता विचारू नकोस.

आणि सहज विचारते, तुझ्या त्या निळ्या किटलीची शिट्टी अजून वाजते का? लहानपणी मला तिची भीती वाटायची. आणि दारावरची ती छोटी घंटी?

वहिनी कशी आहे?

मापटं


१४ मार्च

मापट्या,

कारण विचारू नकोस म्हणतेस, म्हणजे मी विचारायचं नाही आणि तू सांगायचं नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? मला कळलं कारण. वहिनीचा पुळका आला. तिने तुला पत्र लिहिलं असेल.

किटलीची शिट्टी कधीचीच बिघडली. पाणी आटून बूड जळलं तेव्हा कळलं. घंटीही बिघडली आहे, टपालवाला हल्ली दार बडवतो. या घरातल्या वस्तू एकेक करून गप्प होत चालल्या आहेत, आणि तू किटल्यांच्या चौकश्या करतेस.

तुझी वाट न बघता मी सगळी नाणी पुन्हा वाजवली. आणखी चार मुकी निघाली. आठवं, अकरावं, सव्विसावं, तिसावं. चौघांना खाच पाडली. आता सात झाली.

सून गेली. गेल्या शुक्रवारी बॅग भरली, माझ्यासाठी दोन दिवसांचं करून ठेवलं, औषधांच्या डबीवर मोठ्या अक्षरात वेळा लिहिल्या आणि तुझ्याच शहरात तिच्या आईकडे गेली. चोराने औषधांच्या वेळा कशाला लिहाव्यात, हे मला उमगत नाही. तुझ्या दादाला अजून कळवलेलं नाही.

काल दुपारी डोळा लागला तर एक्स्चेंजचं स्वप्न पडलं. समोरच्या पाटीवर सगळे दिवे लागलेत, सगळ्या शहराला कुणाशी तरी बोलायचंय, मी एकेक दोरी जोडतेय आणि कानात नुसता कापूस. मी "हॅलो" म्हणते तो माझा मलाच ऐकू येत नाही. पण भीती नाही वाटली बघ. दिवे फार सुंदर होते. जागी झाले तेव्हा वाटलं, दारात कुणी उभं आहे आणि मला हाक मारतंय. कुणी नव्हतं.

लवकर लिही. राग धरू नकोस.

आत्या


२३ मार्च

ती. आत्या,

हे पत्र तुला वहिनी देईल. आधी तिला आत घे, पाणी दे, मग खिडकीत बसून वाच.

तुझी नाणी खरी आहेत. सातही.

बाकीची सहा मी पाहिलेली नाहीत, पण चौदाव्याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही, आणि जे चौदाव्याचं तेच त्यांचं. ते माझ्या हातात पडलं तेव्हा पहिल्यांदा खाच बघितली. आत तांबूस काही नव्हतं, पांढरंशुभ्र होतं, तळापर्यंत. मग तुझी किसाची पुडी उघडली. नाणं आणि कीस एकत्र तोलले. एकतीस नाण्यांची वजनं तू माझ्या शाळेच्या वहीत उतरवून दिली होतीस, त्या आकड्याला ते शेवटच्या अंकापर्यंत जुळलं. दोऱ्याला टांगून पाण्यात तोललं. चांदीला जेवढं हलकं व्हायला हवं तेवढंच हलकं झालं. शेवटी ऑफिसात सगळे जेवायला गेल्यावर बोटावर ठेवून टिचकी मारली. आत्या, खाच पडूनही ते वाजलं. पाण्यावर सुई ओढावी तसं, तू लिहिलं होतंस तसंच. मी डोळे मिटून उभी राहिले. परत आलेल्या शिपायाने विचारलं, "बाई, कसला आवाज येतोय हो हा?"

त्याला आला. तुला येत नाही.

झाडावर पक्षी येत असणार. किटली शिट्टी मारतच असणार. अंगणातल्या मुलींना आवाज आहे. बारीक, उंच आवाज आधी जातात, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि तुझं पत्र हातात असताना मला आठवलं नाही. माणसाच्या बोलण्यातली "स", "श", "त" ही अक्षरं असल्याच बारीक आवाजांची असतात. ती गेली की समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. शब्दांच्या कडा वहिनी खात नव्हती.

हे मला पाच तारखेलाच कळलं होतं. आठ तारखेच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. तुझा कान तुझ्याकडून काढून घ्यायला माझी छाती झाली नाही, म्हणून किटलीच्या आडून विचारत बसले. मी गप्प राहिले त्या आठवड्यात तू चार खऱ्या नाण्यांवर कानस चालवलीस. आणि वहिनी गेली. खाचा आता भरून येणार नाहीत. पहिल्या तीन खाचांचा दोष तू आणि मी वाटून घेऊ. नंतरच्या चार माझ्या एकटीच्या.

आज सकाळी वहिनीकडे गेले. खुर्च्या विणणाऱ्याच्या दुकानावर तिच्या आईच्या दोन खोल्या आहेत, जिन्यात वेताचा वास. तिनेच दार उघडलं.

"या, पदवीधर बाई. साचा शोधायला आलात?"

मी सगळं सांगितलं. नाणं, पाणी, पुडी, शिट्टी. माझी ती ओळही मागे घेतली, पण तशी ओळ मागे घेता येत नाही हे बोलता बोलताच कळत होतं. ती खिडकीत बसून एका मुलीच्या चित्रावर शेरा लिहीत होती, तो तिने पुरा लिहिला.

"त्यांना ऐकू येत नाही हे मला वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली. "हळू बोलले की पुटपुटतेस. मोठ्याने बोलले की अंगावर येतेस. किटलीखालचा गॅस मी तीनदा विझवला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी सांगायचं? मी? चाळीस वर्षं कानावर जगलेल्या बाईला सुनेने सांगायचं की तुमचा कान गेला? त्यापेक्षा चोर ठरणं सोपं वाटलं गं. चोर ठरले तर मी निघून जाऊ शकते. कान गेला तर त्यांनी कुठे जायचं?"

आत्या, मी तिच्यासमोर रडले. तिने मला रंग पुसायचं फडकं दिलं, त्याने माझं तोंड निळं झालं, आणि मग ती इतकी हसली की तिची आई आतून बघायला आली.

मी म्हटलं, आजच मंडळात जाऊन सगळं सांगते. तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "माझ्यावरचा आळ तिथून काढ, तो काढायलाच हवा. पण आईंच्या कानाचं नाव तिथे घ्यायचं नाही. ते त्यांनी स्वतः सांगायचं, हवं तेव्हा." मी वाद घातला. अर्धं खरं म्हणजे काय, असं माझं नेहमीचं बोलले. ती म्हणाली, "तू काय केलंस तेवढंच खरं सांग ना. ते पुरेसं वाईट आहे."

बरोबर होती ती. मी न तोलता सही केली होती. त्यात तुझा कान कुठेच येत नाही.

दुपारी आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानावर गेलो. वहिनी जिन्यात थांबली. मी वही मागितली, माझी जुनी नोंद उघडली. खोडायची परवानगी नसते, तिच्याखाली लिहायचं असतं. काका म्हणाले, "आधी विचार करा, बाई. चुकीची सही एकदा वहीत आली की परीक्षक म्हणून पुन्हा बसता येत नाही. सभासद राहाल, पण नाणं तपासायला हातात मिळणार नाही. पन्नास वर्षांत तुम्ही पहिल्या बाई परीक्षक होतात." टेबलाभोवतीचे सगळे खाली बघत होते. उन्हात धूळ इतकी सावकाश खाली येत होती की मला वाटलं, ती टेबलावर टेकेपर्यंत थांबलं तरी चालेल.

आता बसस्टँडच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. वहिनी तिकिटाच्या रांगेत आहे, गाडी वीस मिनिटांत सुटेल. तिने तुझ्यासाठी कानाच्या डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. भांडायचं असेल तर तिच्याशी भांड. ती समोर उभी राहून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलेल.

वहीत मी असं लिहिलं: "वरील तिन्ही नाणी आणि नंतर खाच पाडलेली आणखी चार, ८, ११, २६ व ३०, अशी सातही अस्सल आहेत (१४ तोलून, बाकीची सहा त्यावरून). कुणीही बदललेली नाहीत. घरातल्या कुणाचाही दोष नाही. परीक्षकाने न तोलता नोंद केली." खाली सही केली, तारीख घातली, वही काकांना दाखवली आणि वहिनीला जिन्यातून वर बोलावून ती नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली.

मापटं